कोल्हापुरात चित्रकारानं स्वतःचं घर घ्यावं की भाड्यानंच राहावं?

रंगबावरी
परवा आमच्या कट्ट्यावर एकानं ठामपणे सांगितलं, कलाकारानं हप्त्याच्या फंदात पडू नये. भाड्याची खोली बघावी आणि सगळा पैसा कामात घालावा. बऱ्याच जणांना ते पटलं. मला अजिबात पटलेलं नाही, म्हणून हा धागा.

मी पुस्तकांसाठी चित्रं काढते, नवरा मूर्तिकार आहे. मंगळवार पेठेत एका वाड्याच्या माडीवर राहतो, करार अकरा महिन्यांचा. टर्पेंटाइनचा वास येतो म्हणून मालकांची तक्रार, प्लास्टरची धूळ जिन्यात उतरते म्हणून खालच्या भाडेकरूंची. दोघांचंही चुकत नाही. पण जिना इतका अरुंद आहे, की सहा बाय चारचा कॅनव्हास वर न्यायचा तर चौकट सोडवायची, कापड गुंडाळायचं आणि वर जाऊन पुन्हा ताणून ठोकायचं. ताणताना कोपऱ्यावर प्रायमर तडकतो. काम झालं की हेच सगळं उलट्या क्रमानं, आणि तेही रंग पुरता वाळल्यावर. तैलरंग जाड लावला असेल तर त्यात कित्येक आठवडे जातात. गिऱ्हाईक तेवढं थांबत नाही. आता मी मोठी कामं घेणंच बंद केलंय. म्हणजे माझं चित्र केवढं असावं हे जिना ठरवतोय!

आर. के. नगर, कळंबा, फुलेवाडी या बाजूंना वन बीएचकेचे भाव आम्हाला ३० ते ३५ लाख सांगितले. २५ लाखांचं कर्ज, २० वर्षं, साडेआठ टक्के व्याज धरलं तर हप्ता २१,७०० च्या आसपास बसतो. आमच्यासाठी ही रक्कम मोठी आहे. तरी माझं मत, तिशीच्या आत हालचाल करावी. ऑगस्ट २०२५ मध्ये हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, वकील मंडळी जागा शोधतायत. भाव उतरतील या आशेवर मी तरी बसणार नाही.

बापू_बोर्डवाले
पोरी, दुखणं खरं हाय, पण औषध चुकतंय. मी तीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. माझ्याबरोबर एक गडी होता, व्यक्तिचित्रात त्याचा हात धरणारा पेठेत कोण नव्हता. त्यानं फ्लॅट घेतला. पाच तारखेला हप्ता. मग वाढदिवसाचे फ्लेक्स, लग्नाचे बॅनर, मिळंल ते घ्यायला लागला. आता ब्रश धरत नाही, दिवसभर कॉम्प्युटरवर फोटो चिकटवतो. गणपतीचा हंगाम तीन महिन्यांचा आणि हप्ता बारा महिन्यांचा, ह्याचा मेळ कसा घालणार सांग.

अबालाल रहिमान कोटितीर्थाच्या काठाला साधेपणानं राहिले आणि त्या तळ्याची चित्रं केली. आजबी लोक ती बघून गप्प होतात. फ्लॅट होता म्हणून नव्हं.

रंगबावरी
बापू, तुमच्या मित्राचं वाचून वाईट वाटलं. पण अबालालांचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. ते शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार होते, म्हणजे पाठीशी आधार होता. महाराज १९२२ ला गेले. पुढची वर्षं त्यांनी हलाखीत काढली आणि १९३१ ला तेही गेले. हलाखी होती म्हणून चित्रं झाली असं नाही, हलाखी असूनही झाली. आपण कलानगरी म्हणून मिरवतो आणि कलाकाराच्या गरिबीचं कौतुक करतो. ते कौतुक आता थांबायला हवं. आम्हाला दरबार नाही, मग निदान चार भिंती तरी स्वतःच्या असू द्या.

कर्जविभाग
मी सहकारी बँकेत कर्जाचे कागद तपासतो, त्यामुळे थोडं रोखठोक लिहितो. कलाकारांना बँक कर्ज देत नाही ही तक्रार मी नेहमी ऐकतो. बँक उत्पन्न बघते, पण कागदावरचं. तुमच्यातले कितीतरी जण मूर्तीचे, पोर्ट्रेटचे, क्लासचे पैसे रोख घेतात आणि आयकर विवरणपत्र भरत नाहीत. आम्ही सलग तीन वर्षांची विवरणपत्रं मागतो, ती नसली की फाईल तिथंच थांबते. पुढच्या वर्षी घर घ्यायचं ठरवून चालत नाही, तयारी तीन वर्षं आधीपासून लागते.

दुसरं, ३० लाखांपर्यंतच्या कर्जात किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के मिळू शकतात, पण अनियमित उत्पन्न असलं की बँक हात आखडता घेते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी कर्जात बसत नाही. रंगबावरी ताई, ३२ लाखांचा फ्लॅट आणि २५ लाखांचं कर्ज धरा. ७ लाख आणि वर साधारण २ लाख रोख हातात हवेत. खरेदी तुमच्या एकटीच्या नावावर केलीत तर मुद्रांक शुल्कात १ टक्का वाचेल. प्रधानमंत्री आवास योजना २.० मध्ये ३५ लाखांपर्यंतचं घर, २५ लाखांपर्यंतचं कर्ज आणि ९ लाखांपर्यंतचं कौटुंबिक उत्पन्न असेल तर व्याजावर १.८० लाखांपर्यंत अनुदान आहे. कुटुंबाचं आधीचं पक्कं घर मात्र नसावं.

एवढं सांगूनही माझा सल्ला बापूंच्या बाजूचाच. उत्पन्न हलतं असेल तर वर्षभराचे हप्ते बाजूला पडल्याशिवाय सही करू नका.

पाचगावकर
फ्लॅटच्या नादाला लागूच नका. आम्ही दोघा भावांनी गुंठा-गुंठा घेतला. वर पत्रा, खाली कोबा. भट्टी लावा, छिन्नी हाणा, कोण विचारत नाही. कर्ज नाही, हप्ता नाही. कलाकाराला हेच परवडतं.

कर्जविभाग
पाचगावकर, तुमचा सातबारा बघितलाय का? बऱ्याच ठिकाणी दहा-अकरा जणांचं मिळून एक खरेदीखत असतं, सातबाऱ्यावर सगळी नावं, आणि कुणाचा तुकडा कुठला हे फक्त एजंटाच्या तोंडी. एनए म्हणजे बिगरशेती परवानगी नाही, प्लॉट पाडल्याचा मंजूर लेआउट नाही, म्हणून बांधकाम परवाना नाही आणि आमच्याकडून कर्जही नाही. जमिनीचे छोटे तुकडे पाडून विकायला मनाई करणारा तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे. आधी झालेले छोटे तुकडे नियमित करायचं सरकारनं जाहीर केलंय, पण त्या भरवशावर आज नवा गुंठा घेणं म्हणजे आयुष्यभराची कमाई टांगणीला लावणं. विकायला जाल तेव्हा गिऱ्हाईक पण रोखीवालाच शोधावा लागेल.

पाचगावकर
कागदाचं मान्य. पण शहराची हद्द १९७२ पासून इंचभर सरकलेली नाही. आत जागा उरली नाही, बाहेर परवानगी मिळत नाही. गरिबानं जायचं कुठं? कायद्यात बसणारं आम्हाला परवडत नाही आणि परवडणारं कायद्यात बसत नाही.

नदीकाठची
स्वस्त म्हणून नदीकडच्या बाजूला तळमजला बघणाऱ्यांसाठी. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं होतं. आमच्या तळमजल्यात वडिलांच्या जलरंगांचे गठ्ठे होते. कागद एकमेकांना चिकटून त्यांची एकच वीट झाली होती, सोडवायला गेलं की रंगाचा थर वरच्या कागदाबरोबर निघून यायचा. पूररेषेचा नकाशा बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.

बापू_बोर्डवाले
हे बघ, मला वाटतं घर आणि कामाची जागा ह्यात गल्लत होतेय. फ्लॅट घेतलास तरी छिन्नीचा आवाज सोसायटी ऐकून घेणार हाय का? वास तिथं येणार नाही का? ३२ लाख घालून परत तीच भांडणं. राहायला भाड्यानं राहा, आणि उद्यमनगरात जुना गाळा बघा चौघांत मिळून. तिथं दिवसभर लेथ चालतात, तुमची खटखट कुणाच्या कानाला लागणार नाही.

रंगबावरी
फ्लॅटमध्ये छिन्नी चालणार नाही, हे बरोबर. नवऱ्याचं काम तिथं होणारच नाही. माझं होईल. पण चौघांत गाळा घ्यायचा तर कर्ज कसलं मिळणार?

कर्जविभाग
गृहकर्ज नाही. व्यावसायिक मालमत्तेचं कर्ज, व्याज जास्त आणि स्वतःची रक्कमही जास्त घालावी लागते. चौघं कर्जदार म्हणजे एकानं हप्ता चुकवला तरी चौघांचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा गुणांक, खराब. लग्न, बाळंतपण, पुण्या-मुंबईची नोकरी, कुणीतरी बाहेर पडतंच. अशा भागीदाऱ्या मोडून कोर्टात गेलेल्या मी बघितल्यात.

रंगबावरी
म्हणूनच आधी लिहून ठेवायचं. हिस्सा किती आणे, बाहेर पडणाऱ्यानं आधी उरलेल्यांनाच विचारायचं, किंमत त्या वर्षीच्या रेडी रेकनरप्रमाणे म्हणजे सरकारी दरानं, पैसे फेडायला दोन वर्षांची मुदत. नोटरी नाही, नोंदणीकृत करारच. बापू, गाळा मी नक्की बघणार आहे. पण राहायचं घर सोडून द्यायला मी तयार नाही. पुढच्या जूनपासून दर अकरा महिन्यांनी मुलाची शाळा बदलायची नाही मला.

बापू_बोर्डवाले
मुलाचं आधी सांगितलं असतंस तर इतका ताणला नसता. तरी कर्जवाल्या साहेबांचं ऐक, वर्षाचे हप्ते आधी साठव. उद्यमनगरात माझ्या ओळखीचे दोन गाळे रिकामे हायेत, एकाचं छत गळतंय. रविवारी नवऱ्याला घेऊन ये, पाऊस असला तर बरंच, गळती कळंल.