हॉलच्या तीन भिंतींना कुठला पांढरा? चवथ (आमच्या गोव्यातली गणेश चतुर्थी) तोंडावर आहे, लवकर सांगा

खांडेपारकाठ

मंडळी, पेंटर घरात बसून आहे आणि दुकानदाराला आज संध्याकाळपर्यंत शेडचा नंबर द्यायचाय, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

हॉलची एक भिंत गडद निळी झाली आहे. निळा बायकोने निवडलाय, तो बदलणार नाही, त्यावर चर्चा नको. उरलेल्या तीन भिंती पांढऱ्या करायच्या. वाटलं होतं पाच मिनिटांचं काम. शेड कार्ड उघडलं तर नुसत्या पांढऱ्याचीच पानं. पेंटर म्हणाला साधा पांढरा मारू, आणि निळ्याला लागून कोपऱ्यात एक पट्टा मारून दाखवला. अगदी दवाखाना. मग शेजारी क्रीमचा पट्टा मारला, तर तो चक्क पिवळा दिसतो.

निळ्याबरोबर जाणारा पांढरा सांगा, कंपनी कुठलीही चालेल. माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची चौकट) याच हॉलमध्ये बांधतो, तेव्हा 'पावसाळ्यानंतर करा' हा सल्ला कृपया देऊ नये.

मांडवीपार

ऑफ व्हाईट. डोळे मिटून. पर्वरीच्या आमच्या फ्लॅटमध्ये सगळीकडे तोच आहे, कशाबरोबरही जातो.

तांबडीमाती

ऑफ व्हाईट नावाचा एक रंग नसतो हो. कुणाचा पिवळ्याकडे झुकतो, कुणाचा गुलाबीकडे, कुणाचा राखाडी, कुणाचा हिरवट. धागाकर्ते, हॉल कुठल्या दिशेला उघडतो? दिवे कसले? जमीन कसली? हे कळल्याशिवाय नंबर सांगणं म्हणजे नाडी न बघता औषध.

खांडेपारकाठ

जमीन रंगवायची नाहीये, तिचा काय संबंध? असो. आजोबांच्या वेळची लाल सिमेंटची आहे, घोटलेली. हॉल उत्तरेला, पुढे बल्कांव, म्हणजे छपराखालचा बसायचा ओटा. ट्यूबलाइट. आता सांगा.

तांबडीमाती

संबंध असा की भिंतीवर पडणारा उजेड आधी जमिनीवर आपटून येतो. लाल जमीन भिंतीच्या खालच्या भागाला गुलाबीसर छटा देते. गुलाबीकडे झुकणारा पांढरा घेतलात तर दिवसा भिंत ओठांना लावायच्या रंगाची दिसेल. बदलता न येणारी वस्तू आधी धरायची, आणि तुमच्याकडे ती जमीन आहे, निळी भिंत नव्हे.

दुसरं. पट्टा निळ्याला चिकटून का मारला? तिथे दोन गोष्टी होतात. निळ्याचा उजेड शेजारच्या पांढऱ्यावर पडतो, म्हणून पांढरा निळसर होतो. आणि निळ्याशेजारी जरासा पिवळा असलेला रंग डोळ्याला जास्त पिवळा वाटतो, म्हणून क्रीम बिघडलं. दोन्ही पट्ट्यांवर विश्वास ठेवू नका.

रेषा_म

उत्तरेचा हॉल म्हणजे थंड उजेड, तेव्हा उबदार पांढराच हवा. इंटिरियरचं कुठलंही पुस्तक उघडा.

अक्षांशपंधरा

ते पुस्तक युरोपात लिहिलेलं असतं, रेषाताई. आपण साधारण १५ अंश उत्तरेला. मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो. गोव्यात उत्तरेची खोली जूनमध्ये ऊन खाते आणि डिसेंबरमध्ये नाही.

रेषा_म

जूनमध्ये ऊन? फोंड्यात? ढग दिसतात का तुम्हाला? शिवाय पुढे बल्कांवाचं छप्पर आहे. आत येतो तो माडाफोफळींवरून परतलेला हिरवट उजेड.

अक्षांशपंधरा

हिरवट हे मान्य. बाकी खगोल बदलत नाही.

साष्टीकार

रंगाची कामं घेतो, मडगावच्या बाजूला. शेड राहू द्या बाजूला, पयलीं ओल पळय बाब, मागीर रंग (आधी ओल बघा, मग रंग). भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या आहेत ना? चिरा पाणी पितो आणि सावकाश सोडतो. आताच्या हवेत ओल्या भिंतीवर इमल्शन (डब्यातला पाण्यात मिसळायचा रंग) मारलं की आत अडकलेली वाफ पापुद्रा उचलते. दिवाळीपर्यंत पोपडे आणि खाली पांढरी बुकटी. दोन फुटांचा प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावा, उद्या काढून बघा. आतल्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीतली, फक्त बाहेरच्या बाजूला दिसले तर ती हवेची.

खांडेपारकाठ

साष्टीकारबाब, उद्या नाही, आज सांगायचं आहे हो.

साष्टीकार

दुकानदार कुठे पळत नाही. पेंटरला एक दिवस खिडक्या-दारं घासायला लावा.

चुनेवाला_काका

हे सगळे डबे फेका आणि चुना लावा. भिजवून मुरवलेला चुना, त्यात चिमूटभर नीळ. आमच्या लहानपणी चवथीच्या आधी घर असंच उजळत असे. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो, बुरशी धरत नाही, आणि त्याच्या पांढऱ्याला जी झळाळी असते ती कुठल्याच डब्यात मिळत नाही.

साष्टीकार

काका, चुन्याबद्दल मला आदरच आहे. पण भिंतीवर आधीचं इमल्शन असेल तर चुना धरत नाही. त्याला पाणी शोषणारी भिंत लागते. आणि पाहुण्यांनी पाठ टेकली की काळ्या कपड्यांवर पांढरी नक्षी.

चुनेवाला_काका

खरवडून काढा मग. आधीच्या पिढ्या टेकल्या नाहीत का भिंतीला? की त्यांना पाठी नव्हत्या?

जुनी_पाटी

गंमत बघा, आमच्याकडे घराला बाहेरून पांढरा देत नसत. पांढरा फक्त चर्चला, असा पोर्तुगीजांचा नियम होता म्हणतात. म्हणून तर पणजीतली जुनी वस्ती फोंतइन्हास एवढी रंगीत आहे.

अक्षांशपंधरा

'म्हणतात'. नियमाचा कागद कुणी पाहिलाय का?

जुनी_पाटी

पणजीच्या चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहा आणि आजूबाजूच्या जुन्या घरांकडे बघा. मला तेवढा पुरावा पुरतो.

मांडवीपार

मंगेशीची दीपमाळ पांढरीच आहे की.

रेषा_म

देवळाला कोण अडवणार? विषय हॉलचा आहे, आणि आतून. धाग्यावर या.

शुभचिंतक_९

निळी भिंत कुठल्या दिशेला आहे? दक्षिणेला असेल तर वास्तूनुसार चुकीची आहे. कळवा, उपाय सांगतो.

खांडेपारकाठ

निळ्यावर चर्चा नको असं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय.

केपे_टू_कुडचडे

आमच्या स्लॅबला गळती होती. दोनदा वॉटरप्रूफिंग करून घेतलं, काही उपयोग झाला नाही, शेवटी वर पत्रे घातले. एकदम निवांत. तुम्हीही पत्रे घाला.

खांडेपारकाठ

घर कौलारू आहे. पांढरा. रंग. सांगा.

तांबडीमाती

ट्यूबवर काय लिहिलंय बघून सांगा. ६५००के असं असेल तर रात्रीचा अर्धा दवाखाना तिथूनच येतोय.

खांडेपारकाठ

हो, ६५००. पण जास्त उजेड पडतो म्हणूनच घेतल्या होत्या.

तांबडीमाती

उजेड किती हे ल्युमेनवर ठरतं, तो पांढरा की पिवळट हे त्या केल्विनच्या आकड्यावर. तेवढ्याच ल्युमेनची ४०००के ट्यूब आणा, किंवा ३०००के. भिंतीला हात लावायच्या आधी हे करा, कारण एकाच डब्यातला पांढरा या दोन दिव्यांखाली दोन निराळे रंग दिसतात.

मग प्लायचे किंवा जाड पुठ्ठ्याचे दोन-दोन फुटांचे तुकडे घ्या, प्रायमर मारा, त्यावर दोन हात. तीन शेड पुरेत: एक किंचित पिवळ्या मातीकडे झुकणारा, एक किंचित राखाडी, एक तुमचा साधा पांढरा. तुकडा निळ्यापासून लांब, लाल जमिनीवर उभा टेकवून बघा. सकाळी, भर पावसात दुपारी, आणि रात्री दिवे लावून. तिन्ही वेळा जो डोळ्यात खुपत नाही तो घ्या. तुमच्या घरात मातीकडचा जिंकेल असा माझा होरा. मात्र अगदी हलका. काही कंपन्या शेडबरोबर एलआरव्हीचा आकडा देतात, म्हणजे रंग किती उजेड परत फेकतो ते, ० ते १०० मध्ये. बल्कांवाने अंधारलेल्या खोलीला ८०च्या वरचा बघा.

रेषा_म

सोपी युक्ती: शेड कार्डाशेजारी प्रिंटरचा कोरा कागद धरा. कुठला पिवळा, कुठला गुलाबी, लगेच कळतं.

तांबडीमाती

झुकाव ओळखायला ठीक. पण तो कागदही निखळ पांढरा नसतो. त्यात चमक आणणारं रसायन असतं, त्यामुळे तो निळसरच असतो. त्याच्यापुढे कुठलाही चांगला पांढरा मळका वाटतो आणि माणूस पुन्हा दवाखान्याचाच नंबर सांगून येतो.

साष्टीकार

आणि शेड ठरली की सगळा रंग एकदमच घ्या. नंतर अर्धा लिटर कमी पडला म्हणून आणलात तर मशीनवर मिसळलेल्या दुसऱ्या खेपेत फरक पडू शकतो, आणि पांढऱ्यावर तो पट्टा उन्हात उठून दिसतो. अगदी चमकदार फिनिश नको. जुन्या घराच्या भिंती सरळ नसतात, चमकेत प्रत्येक उंचवटा दिसतो.

खांडेपारकाठ

अपडेट. दुकानदाराला परवापर्यंत थांबवलंय, त्याने तोंड वाकडं केलं. प्लॅस्टिक काढलं: दोन भिंती कोरड्या, बल्कांवाकडच्या भिंतीवर आतून थेंब. ती एक भिंत यंदा नुसती साफ करून ठेवणार, माटोळी समोरच्या बाजूला असते त्यामुळे चालेल. ट्यूब ४०००ची लावली, तेवढ्याने साधा पांढराही बरा दिसायला लागला. तरी तुकड्यांमध्ये बायकोने आणि मी न ठरवता मातीकडचाच उचलला. राखाडी पावसात अगदीच मलूल होता.

आता पेंटर विचारतोय की दरवाजांच्या चौकटींना पांढरा ऑइलपेंट मारू का?

साष्टीकार

नको. पांढरा ऑइलपेंट कमी उजेडात पिवळा पडतो, आणि तुमचा हॉल अंधाराच. मारायचाच तर पाण्यात मिसळणारा इनॅमल घ्या, भिंतीच्याच शेडमध्ये करून मिळतो. चौकटी सागवानाच्या असतील तर मात्र घासून नुसतं पॉलिश करा. कसल्या आहेत?

खांडेपारकाठ

फणसाच्या.

चुनेवाला_काका

फणसाच्या चौकटीवर रंग?? पेंटरचा नंबर द्या मला.