काडतूस घरी भरणं आणि ठासणीची बंदूक

परवाना असला की रिकामी बारा बोअरची काडतुसं घरच्या घरी परत भरता येतात, आणि नवशिक्यानं व्हिडिओ बघून सुरुवात करावी, असं एका दादांनी लिहिलंय. हे अमेरिकेत चालतं, आपल्याकडं नाही. बंदूक बाळगायचा परवाना वेगळा आणि दारूगोळा बनवायचा वेगळा. शस्त्र कायदा 1959 च्या कलम 5 खाली विनापरवाना दारूगोळा बनवणं गुन्हा आहे, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. एवढ्यासाठी तुरुंग बघायची हौस कुणाला?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागात रानडुकरांसाठी पीक संरक्षणाच्या परवान्यावर जी ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची) बंदूक असते, तिची गोष्ट वेगळी. ती प्रत्येक बाराला हातानंच भरावी लागते. इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा: काडतूस फोडून काढलेली बिनधुराची दारू ठासणीत कधीही घालू नये. ठासणीत धुराची काळी दारू मापानं भरतात. त्याच मापात ही दुसरी भरली तर दाब कितीतरी पटीनं वाढतो आणि नळीच फुटते; बोटं, डोळा, काहीही जाऊ शकतं. 'थोडीशीच घाला' सांगणारे असतातच, त्यांचं ऐकू नका. काळ्या दारूची काजळी मात्र ओल ओढते. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात दोन दिवसांत नळी गंजायला लागते, म्हणून बार उडवल्यावर त्याच दिवशी कढत पाण्यानं धुवा, कोरडी करा, तेलाचा बोळा फिरवा. निवडणुकीत ठाण्यात जमा करताना बंदूक रिकामी आहे ना, तेही आधी नळीत गज (ठासायची सळई) घालून बघा.