मदत हवी आहे: कैरोतल्या मुलीच्या इन्सुलिनचे पैसे इथून कसे भरायचे?

पुण्यात कॉलेजला सोबत असलेला सुदानी मित्र २०२३ मध्ये युद्ध पेटल्यावर खार्तूम सोडून कुटुंबासह कैरोला आलाय. त्याच्या ९ वर्षांच्या मुलीला टाइप १ मधुमेह आहे, म्हणजे इन्सुलिन रोज आणि कायमचं. आम्ही घणसोलीतले काही मित्र दरमहा इन्सुलिन, स्ट्रिप्स आणि तपासण्यांचा खर्च उचलायचा म्हणतोय.

औषधंच पाठवा, असं कृपया सुचवू नका. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, कुरियरवर कोण भरवसा ठेवणार!

बँकेत विचारून झालं. एलआरएसखाली (व्यक्तींना परदेशात पैसे पाठवू देणारी रिझर्व्ह बँकेची योजना) भेट पाठवता येते, पॅन आणि त्यासाठी लागणारा ए२ फॉर्म तयार आहेत, पण मित्राचं तिथे बँक खातंच नाही. सोसायटीच्या मंडळाच्या खात्यातून जमणार नाही, एलआरएस फक्त व्यक्तींसाठी. एका मोठ्या संस्थेनं कळवलं की ठरावीक मुलासाठी देणगी घेत नाही (तेही पटतं). ८०जी (देणगीवरची करसवलत) नको, हवाला तर अजिबात नको.

इजिप्तमधल्या हॉस्पिटलच्या किंवा फार्मसीच्या खात्यात इथून कुणी थेट पैसे भरलेत का? रुग्ण नात्यातला नसताना पर्पज कोड (पैसे कशासाठी पाठवतोय ते सांगणारा बँकेचा कोड) कुठला लावला, भेट की उपचार? आणि एक कोटेशन पुरलं, की दर महिन्याला नवं बिल मागितलं?