दाबून धरलेली की 'डबल' ठरते, त्यावर उपाय
ऑटोहॉटकीत (AutoHotkey, विंडोजमध्ये की किंवा बटणाला हवं ते काम जोडणारी स्क्रिप्टची भाषा) एकच की एकदा दाबली, दोनदा दाबली ('डबल') की धरून ठेवली ('होल्ड') हे ओळखायचं असतं. मागच्या हॉटकीपासून (काम जोडलेली की किंवा बटण) ४०० मिलिसेकंदांच्या आत तीच हॉटकी पुन्हा आली तर 'डबल' समजायचं, ही युक्ती माऊसच्या बटणाला छान चालते. पण कृपा करून ती कीबोर्डला जशीच्या तशी लावू नका. की दाबून धरली की विंडोज ती पुन्हापुन्हा पाठवत राहतं, सर्वात वेगवान सेटिंगला सेकंदाला साधारण ३० वेळा. म्हणजे नुसती धरून ठेवलेली कीसुद्धा 'डबल' ठरते! माऊसचं बटण असं रिपीट होत नाही, म्हणून तिथे हा घोळ दिसतच नाही.

त्याऐवजी आधी कीवेटला (KeyWait, की सुटायची किंवा दाबली जायची वाट बघणारी आज्ञा) 'टी०.३' (T0.3) अशी ०.३ सेकंदांची मुदत देऊन की सुटायची वाट बघा. सुटली नाही तर होल्ड. सुटली, तर दुसऱ्या कीवेटला 'डी टी०.२' (D T0.2, म्हणजे की दाबली जायची ०.२ सेकंद वाट बघा) द्या, पुन्हा दाबली गेली तर डबल, नाहीतर सिंगल. होल्ड आणि डबलच्या शेवटी बिनमुदतीचा एक कीवेट हवाच, नाहीतर रिपीटमुळे हॉटकी परत सुरू होते. आणि जुनी स्क्रिप्ट आवृत्ती २ मध्ये नेत असाल तर अट उलटी करा: मुदत संपल्यावर आवृत्ती १ मध्ये एररलेव्हल (ErrorLevel, आज्ञेचा निकाल ठेवणारं व्हेरिएबल) १ होतं, आवृत्ती २ मध्ये कीवेट ० परत करतं.