मदत हवी आहे: पिकअपच्या कलरला तिसऱ्यांदा फोड आले, दसऱ्याच्या आत काय करू?

दिंडोरीकर (सोमवार, रात्री ११.४०)
लवकर उत्तर द्या प्लीज. जुनी पिकअप घरीच तयार करतोय, सात महिने झाले, इंजिन झालं, ब्रेक झाले, वायरिंग नवीन टाकली, सगळं मस्त. फक्त कलर बसत नाहीये. प्राइमर मारला, कलर मारला, आठ-दहा दिवसांत बारीक बारीक फोड येतात, मुगाच्या दाण्याएवढे. पूर्ण घासून काढलं, परत मारलं, परत तेच. आता तिसरी वेळ आहे. पत्रा नीट घासलाय, त्यामुळे कृपया "नीट घासा" असं कोणी सांगू नका. दसऱ्याला गाडीची पूजा करायचीय, वडिलांना शब्द दिलाय आणि तीन आठवडे राहिलेत. नक्की काय चुकतंय?

प्रवासी_पंधरा (मंगळवार)
गाडी कुठली? कलर कुठला? फोटो टाका.

खटपट्या (मंगळवार)
सात महिने घातलेत म्हणजे जुनंच इंजिन ठेवलं असणार. माझा अनुभव सांगतो, जुन्या पिकअपला अडीच लिटरचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) डिझेल इंजिन टाकून द्या, विषय संपतो. मी माझ्या जीपला टाकलं, पाच वर्षं झाली, नुसतं डिझेल आणि ऑइल. कलरचं नंतर बघता येतं.

मीनल_सिडको (मंगळवार)
खटपट्या, त्यांनी इंजिनचं विचारलेलंच नाहीये. दिंडोरीकर दादा, एनसी (नायट्रोसेल्युलोज) कलर मारताय की पीयू (पॉलियुरेथेन, हार्डनरवाला)? खाली रेड ऑक्साइड प्राइमर आहे का? हार्डवेअरवाला साधा रेड ऑक्साइड आणि त्यावर पीयूचा जोरदार थिनर असं झालं की खालचा थर उचलतो. पण तेव्हा सुरकुत्या येतात, कलर मारल्या मारल्या. तुम्ही म्हणताय आठ दिवसांनी फोड. हे दोन वेगळे प्रकार आहेत, आधी ते स्पष्ट करा.

दिंडोरीकर (मंगळवार, दुपारी)
टाटामोबाईल २०६, १९९१ ची, आमच्याकडे पहिल्यापासून आहे. पीयू मारतोय, खाली पीयूचाच सरफेसर (प्राइमरचा थर), त्याखाली लांबी (खड्डे भरायची पुट्टी). रेड ऑक्साइड नाही. सुरकुत्या नाहीत, फोडच. फोटो मोबाईलवरून चढत नाहीयेत.

जुनं_लोखंड (मंगळवार)
अरे वा, टाटामोबाईल! १९८८ ला टेल्कोने (आताची टाटा मोटर्स) काढली तेव्हा आमच्या आळीत लोक बघायला उभे राहायचे, पिकअपला असं कारसारखं केबिन कोणी पाहिलेलंच नव्हतं. १९४८ सीसीचं डिझेल. ९१ ला जी सिएरा आली ती याच गाडीच्या पायावर, इंजिनही तेच. स्पेअर शोधताना हे लक्षात ठेव, सिएराचं म्हणून मागितलं तर दुकानदार लवकर ओळखतो. आणि इंजिन अजिबात बदलू नकोस. तसलं इंजिन असलेली धड गाडी आता बघायला मिळत नाही.

खटपट्या (मंगळवार)
बघायला ठेवायची की चालवायची? ज्याला वणीचा घाट चढायचाय त्याला विचारा.

आरटीओ_मित्र (मंगळवार)
एक महत्त्वाचं. ३० वर्षांच्या वर गाडी आहे तर व्हिंटेजमध्ये नोंदवा, व्हीए सीरिजचा वेगळा नंबर मिळतो, शान वाढते.

मीनल_सिडको (मंगळवार)
चुकीची माहिती देऊ नका. २०२१ च्या नियमात ५० वर्षं लागतात, आणि गाडी खासगी वापराची हवी, धंद्याची नाही. शिवाय व्हिंटेज नंबरची गाडी रोजच्या वापरात रस्त्यावर आणता येत नाही. ९१ ची गाडी अजून खूप लांब आहे. उलट हे विचारा की रंग तोच ठेवताय की बदलताय? बदलत असाल तर पेठ रोडच्या आरटीओत जाऊन आरसीवर नोंद करून घ्या.

दिंडोरीकर (मंगळवार, रात्री)
रंग तोच, पांढरा. कृपया फोडांवर बोला ना.

अंबडचा_पेंटर (मंगळवार, रात्री)
सतरा वर्षं हेच काम करतोय. कॉम्प्रेसरच्या लाइनला वॉटर ट्रॅप आहे का? टाकी रोज खालून रिकामी करता का? नाशिकला या दिवसांत हवेत इतका ओलावा असतो की संध्याकाळी टाकीचा नॉब सोडला तर ग्लासभर पाणी निघतं. ते पाणी गनमधून कलरबरोबर पत्र्यावर बसतं. दुसरं, लांबीला वॉटरपेपर (पाणी लावून घासायचा पॉलिशपेपर) मारला का? लांबी पाणी पिते. वरून कोरडी दिसते, आत ओल राहते, वर सरफेसर मारला की ते पाणी कोंडलं. शंभर टक्के हेच. लांबीला कोरडा पेपर मारायचा, पाणी लावायचंच नाही.

दिंडोरीकर (बुधवार)
ट्रॅप आहे, टाकी रोज सोडतो. पहिल्या वेळी वॉटरपेपर मारला होता हे खरं. पण दुसऱ्या वेळी पूर्ण कोरडा मारला तरी आले. म्हणूनच डोकं फिरलंय.

हवा_बदल (बुधवार)
पीयू घरी मारताय तर तोंडाला काय लावता? हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, कापडी मास्क किंवा रुमालाने काही अडत नाही. त्याने दमा लागतो आणि एकदा लागला की थोड्याशा वासानेही उठतो. माझ्या भावाला लागला, म्हणून कळकळीने सांगतेय. निदान केमिकल कार्ट्रिजवाला मास्क घ्या, तोही चेहऱ्याला घट्ट बसणारा, दाढी असेल तर बसत नाही. गन चालू असताना लहान मुलं, म्हातारी माणसं घराच्या दुसऱ्या टोकाला पाठवा, खिडक्या बंद करा.

दिंडोरीकर (बुधवार)
ताई, रुमालच बांधत होतो. आजच मागवतो. आई घरातच असते, तिला म्हसरूळला मावशीकडे पाठवतो त्या दिवशी.

प्रवासी_पंधरा (बुधवार)
मी पहिल्या दिवशी फोटो मागितला तो अजून नाही. तर मग शब्दांत सांगा. फोड गाडीवर कुठे कुठे आहेत? सगळीकडे? बॉनेटवर? दारांवर?

दिंडोरीकर (बुधवार, रात्री)
आता बघून आलो बॅटरी घेऊन. बॉनेट साफ. दारं साफ. छत साफ. फक्त हौद्यात, आणि केबिनच्या मागच्या पत्र्यावर खालच्या बाजूने वीतभर. फाळक्याच्या (हौद्याच्या मागच्या दाराच्या) आतल्या अंगाला सगळ्यात जास्त, बाहेरच्या अंगाला एकही नाही. हे मी आधी का बघितलं नाही कळत नाही, मी धरून चाललो होतो की सगळीकडेच येणार.

अंबडचा_पेंटर (बुधवार, रात्री)
मग कॉम्प्रेसर नाही. माझं म्हणणं मागे घेतो. लाइनमध्ये पाणी असतं तर बॉनेटला आधी दिसलं असतं.

प्रवासी_पंधरा (गुरुवार)
हौद्यात काय भरायचात?

दिंडोरीकर (गुरुवार)
काय म्हणजे, बागेचं सामान. द्राक्षाची कॅरेट, खताच्या गोण्या, फवारणीचं. सगळेच भरतात की.

प्रवासी_पंधरा (गुरुवार)
फवारणीचं म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट)? बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) हौद्यातच कालवायचात का?

दिंडोरीकर (गुरुवार)
हो, ड्रम हौद्यातच असायचा, तिथेच मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवून कालवायचो. वीस-पंचवीस वर्षं. छाटणी झाली की पाऊस आला तर दिवसाआड फवारणी. सांडायचं थोडंफार. पण ते सगळं घासून टाकलंय मी, ग्राइंडरला वायर ब्रश लावून, पत्रा चकाकेपर्यंत.

प्रवासी_पंधरा (गुरुवार)
सापडलं. मी सातपूरला पावडर कोटिंगमध्ये आहे, आमच्याकडे हेच रोज बघतो. दिसणारा गंज घासला जातो, क्षार घासला जात नाही. गंजलेल्या पत्र्याला सुईच्या टोकासारखे खड्डे पडलेले असतात आणि मोरचुदाचा, अमोनियम सल्फेटचा, पोटॅशचा क्षार त्या खड्ड्यांच्या तळाशी बसलेला असतो. वायर ब्रश वरून फिरतो, उलट खड्ड्यांची तोंडं दाबून बंद करतो. मग त्यावर कलर. कलर कितीही भारी असू द्या, पाण्याची वाफ त्यातून हळूहळू आत जातेच. आतला क्षार ते पाणी ओढून घेतो, द्राव तयार होतो, तो अजून पाणी ओढतो, आणि कलर वर उचलला जातो. लोणच्याच्या फोडीला मीठ लावलं की पाणी सुटतं ना, ओढ तीच. पावसाळ्यात आठ दिवसांत दिसतं, उन्हाळ्यात मारलं असतं तर पुढच्या जूनमध्ये दिसलं असतं. एक फोड सुईने फोडा आणि आत काय आहे सांगा.

दिंडोरीकर (गुरुवार, रात्री)
फाळक्यावरचे चार फोडले. चारहींत पाणी, स्वच्छ, थेंबभर. कलरची टिकली नखाने काढली तर खाली पत्रा काळा पडलेला, आणि मधोमध तांबूस चकचकीत ठिपका. मी तो गंजच समजत होतो. पण गंज बोटाला लागतो, हा लागत नाही, पॉलिश केल्यासारखा आहे. आणि हौद्याच्या कोपऱ्यात जिथे दोन पत्रे स्पॉट वेल्डने जोडलेत तिथे स्क्रू ड्रायव्हर घातला तर निळसर हिरवी भुकटी निघाली.

जुनं_लोखंड (गुरुवार, रात्री)
तो ठिपका तांब्याचा आहे बाळा. मोरचुदाच्या पाण्यात लोखंडी खिळा टाकला की त्यावर तांबं चढतं, शाळेत करायचो आम्ही. तेवढं लोखंड विरघळलं आणि त्या जागी तांबं बसलं. आणि तांबं लोखंडाला चिकटून ओलाव्यात राहिलं की लोखंड अजून वेगाने खातं.

खटपट्या (शुक्रवार)
फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर मिळतं, ते ब्रशने लावा, काळं पडलं की थेट प्राइमर मारा. धुवायचं वगैरे काही नाही. जीपला मी तेच केलं.

अंबडचा_पेंटर (शुक्रवार)
नको. गंजावर ठीक आहे पण क्षार त्याने जात नाही. आणि ॲसिड खड्ड्यात राहिलं तर वरचा एपॉक्सी नीट पकडत नाही, सालपटासारखा निघतो. माझ्याकडे अशा दोन गाड्या परत आल्यात. ॲसिड लावायचंच असेल तर भरपूर पाण्याने धुवून काढायचं.

खटपट्या (शुक्रवार)
माझ्या जीपला काही झालं नाही.

मीनल_सिडको (शुक्रवार)
तुमच्या जीपमध्ये मोरचूद कालवलं होतं का?

प्रवासी_पंधरा (शुक्रवार)
हौदा आणि फाळका पूर्ण उघडा करा, लांबीसकट. जमलं तर फाळका खोलून आणि हौदा चासीवरून उतरवून सँडब्लास्टिंगला द्या, अंबड-सातपूरला करून मिळतं, पण सांगा की पत्रा पातळ आहे, प्रेशर कमी ठेवा, नाहीतर लाटा येतात. ब्लास्ट खड्ड्याच्या तळापर्यंत जातो. त्यानंतर धुणं, हे लोक टाळतात आणि हेच खरं काम आहे. वॉशिंग सेंटरला गरम पाण्याचं प्रेशर असेल तर उत्तम. धुतल्यावर पत्रा लगेच पिवळा पडेल, घाबरू नका, ते कोरड्या पेपरने निघतं. वाळू द्या, परत धुवा. दोन-तीन वेळा.
आणि तपासायचं कसं ते सांगतो. घरी आरओचं पाणी मोजायचा टीडीएस मीटर असेल, पाण्यात किती क्षार विरघळलेत ते तो दाखवतो. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणा, अर्धी वाटी घ्या, कापूस त्यात भिजवून हातभर पत्रा पुसा, परत वाटीत पिळा, असं पाच-सहा वेळा, मग मीटर बुडवा. हातात स्वच्छ ग्लोव्हज घाला, घामाचं मीठही मोजलं जातं. आधी बॉनेटवर करा म्हणजे तुलना होईल.
धुवायला पाणी कुठलं वापरलंत?

दिंडोरीकर (शुक्रवार)
बोअरचं. घरामागे आहे.

प्रवासी_पंधरा (शुक्रवार)
बघा. त्या पाण्याने बादली पांढरी होते ना? तोच क्षार पत्र्यावर वाळतो. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी घ्या, शेवटचा हात डिस्टिल्डचा.

आरटीओ_मित्र (शनिवार)
पुढे बुलबार लावणार असाल तर दणकट लावा, पिकअपला शोभतो.

मीनल_सिडको (शनिवार)
लावू नका दादा. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना बुलबारवर कारवाई करायला सांगितलंय, आणि धडकेत समोरच्या चालत्या माणसाला त्याने जास्त लागतं. कस्टम करायचंच तर हौद्यात काहीतरी करा.

दिंडोरीकर (शनिवार)
बुलबार नाही लावणार. हौद्यात सागवानी पट्ट्या टाकायचा विचार आहे, आमच्या जुन्या वाड्याचे वासे पडलेत.
टीडीएस केलं. बॉनेट ९. हौद्याचा कोपरा २४०. वडिलांना आकडा दाखवला, ते गप्पच झाले. त्यांनीच कालवलंय ना आयुष्यभर तिथे. म्हणाले बाग यानेच वाचली दरवर्षी.

दिंडोरीकर (दहा दिवसांनी)
धागा वर आणतोय. हौदा उतरवला, चार जण लागले. ब्लास्ट केल्यावर डाव्या कोपऱ्यात करंगळी जाईल एवढी तीन भोकं निघाली, मी सात महिने त्यावर लांबी थापत होतो. तेवढा पत्रा कापून नवीन तुकडा सीओटूने वेल्ड केला. तीनदा धुतला. पहिल्या धुण्यानंतर ८५, दुसऱ्यानंतर ३०, तिसऱ्यानंतर ११. सकाळी पत्र्यावर दव होतं म्हणून थांबलो, दुपारी बारानंतर ऊन आलं तेव्हा हेअर ड्रायरने सांधे वाळवून टू-के (हार्डनर मिसळायचा) एपॉक्सी प्राइमर मारला, दोन हात. मास्क घातला होता, आई मावशीकडे. आज सहावा दिवस, त्यात चार दिवस पाऊस. रोज हात फिरवून बघतो. एकही फोड नाही.
पांढरा दसऱ्याच्या आत होणार नाही. हौदा राखाडीच राहील, पूजा तशीच करू. वडिलांना विचारलं, ते म्हणाले चालेल, झेंडूची माळ राखाडीवर उठून दिसेल. मोरचुदाचा ड्रम आता शेडमध्ये सिमेंटच्या ओट्यावर ठेवलाय.
सागवानी पट्ट्या थेट पत्र्यावर टेकवू का? खाली रबर लावू?

जुनं_लोखंड
थेट नको, लाकूड ओल धरून ठेवतं. खाली आडव्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या घे, पत्र्याला लागतात तिथे रबर, आणि दोन फळ्यांमध्ये बोट जाईल एवढी फट. भोकं पाडशील तिथे उघड्या कडेला आधी एपॉक्सी लाव, मग बोल्ट. आणि फळ्या उचलता आल्या पाहिजेत, नाहीतर खाली काय चाललंय ते तुला परत फोड आल्यावरच कळेल.