पोलिसांनी अडवल्यावर डॅशकॅम बंद करायला सांगितलं तर करावा का?

पाथर्डीफाटा
नऊ दिवसांपूर्वीची गोष्ट. संध्याकाळी कंपनी सुटल्यावर नाशिकच्या सातपूरहून घरी निघालो होतो. एका चौकात (कुठला ते मुद्दाम सांगत नाही) शिट्टी वाजली, गाडी बाजूला घ्यायची खूण झाली. काच खाली केली. लायसन्स, पीयूसी, ठीक आहे. मी मोबाईलवर डिजिलॉकर उघडत होतो, तेवढ्यात हवालदारांची नजर आरशाखालच्या कॅमेऱ्यावर गेली.
"ती डबी बंद करा आधी."
"साहेब, गाडी चालू असली की ती आपोआप चालू राहते."
"मग गाडी बंद करा."
केली. डबीही बंद झाली. सिग्नल तोडल्याचं चलन झालं. माझ्या मते सिग्नल पिवळा होता, पण ते सोडा. डबी चालू होती तोवर मी 'तुम्ही' होतो. बंद झाल्यावर 'तू' झालो. "तू काय आम्हाला कायदा शिकवतो का" वगैरे.
मी कॅमेरा पोलिसांसाठी घेतलेलाच नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये मिर्ची हॉटेलच्या चौकात बस पेटली, त्यानंतर बायकोने हट्ट धरला म्हणून घेतला. पण आता वाटतं, नाही म्हणायला हवं होतं. शिट्टी ऐकल्या ऐकल्या बटण दाबून फाईल लॉक केली होती, म्हणजे ती पुसली जात नाही. अजून नीट पाहिलेली नाही. तुम्ही काय केलं असतं?

कट्ट्यावरचा
नाहीच बंद करायचा. त्यांच्याकडे चौकाचौकांत कॅमेरे आहेत, ते आपल्यासाठी बंद करतात का?

निवृत्त_खाकी
एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली सहा वाहतुकीत. म्हणून थोडं लांबण लावतो.
मे महिन्यात दुपारी दोन वाजता आपल्या द्वारका चौकात उभं राहून बघा. दिवसभरात दहा जण तरी विचारतात, "मी कोण आहे माहितीये का?" अशात समोरच्या काचेतून लाल दिवा लुकलुकताना दिसला की माणूस सावध होतो. त्याला तुम्ही 'काहीतरी लपवायचं असणार' असं म्हणता. माझ्या एका सहकाऱ्याची अकरा सेकंदांची क्लिप फिरली होती. त्यात तो ओरडतोय. त्याआधी गाडीवाल्याने त्याच्या आईवरून जे काही काढलं, ते क्लिपमध्ये नव्हतं. कापणारा तोच, टाकणाराही तोच. चौकशी लागली, त्यातून तो सुटलाही. पण ती क्लिप त्याच्या मुलीला कॉलेजात दाखवली गेली, त्याची चौकशी कोण करणार?
आणि चौकातल्या कॅमेऱ्यांची बरोबरी करू नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या २०२१ च्या १६७अ नियमाप्रमाणे ई-चलनासाठी वापरायच्या सरकारी कॅमेऱ्याला मंजुरीचं प्रमाणपत्र लागतं, ते दरवर्षी नव्याने घ्यावं लागतं. तुमच्या अडीच हजारांच्या डबीला कोणाचं प्रमाणपत्र आहे?
धागाकर्त्याला एकच विचारतो. शिट्टीच्या आधीची तीन मिनिटं आहेत का तुमच्याकडे? असतील तर आधी ती बघा.

पायरीचा_दगड
कोर्टात रोज जातो म्हणून चार गोष्टी सांगतो.
खासगी गाडीत डॅशकॅम लावायला बंदी करणारं कलम १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात नाही. कलम १३० प्रमाणे गणवेशातल्या पोलिसाने मागितल्यावर लायसन्स दाखवणं तुमचं काम, आणि डिजिलॉकरमधले कागद चालतात. कॅमेरा बंद करणं त्यात कुठेच नाही. २०२२ मध्ये नागपूर खंडपीठासमोर एक प्रकरण आलं होतं. पोलिस ठाण्यात व्हिडिओ काढला म्हणून एकावर १९२३ च्या शासकीय गुपितांच्या कायद्याखाली गुन्हा नोंदवला होता. त्या कायद्यातल्या 'प्रतिबंधित ठिकाणा'च्या व्याख्येत पोलिस ठाणं बसत नाही असं म्हणून कोर्टाने तो रद्द केला. ठाण्याच्या आत ही स्थिती, तर भर चौकात काय असणार?
पण कॅमेरा चालू असणं वेगळं आणि मोबाईल त्यांच्या नाकासमोर धरून "बोला आता" म्हणणं वेगळं. हात लागला, धक्का बसला की सरकारी नोकरावर हल्ल्याचं भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ आहेच. त्याचे हेलपाटे मी रोज बघतो.

निवृत्त_खाकी
वकीलसाहेब, आणि तो व्हिडिओ पुरावा म्हणून टिकतो का, तेही सांगा की.

पायरीचा_दगड
सांगतो. नुसती पेन ड्राइव्ह नेऊन दिली की झालं असं नाही. मूळ उपकरणच हजर केलं तर गोष्ट वेगळी. प्रत द्यायची तर प्रमाणपत्र लागतं. जालन्याच्या निवडणुकीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे पक्कं केलं. जुलै २०२४ पासून नवा साक्ष अधिनियम आहे. त्याच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात फाईलची हॅश किंमतही (फाईलचा डिजिटल ठसा म्हणा) लिहावी लागते. व्हॉट्सॲपवर फिरून आलेल्या क्लिपचं तिथे काही खरं नाही. मूळ कार्ड काढून पाकिटात ठेवायचं आणि गाडीत दुसरं घालायचं.

घोटी_टोलनाका
मी टॅक्सी चालवतो. नाशिक-मुंबई महिन्याला वीस फेऱ्या. तुमचं नियम-कलम बरोबर असेल, पण मला त्याच रस्त्याने उद्या परत जायचंय ना भाऊ. कॅमेरा दिसला की डिकी उघड, फर्स्ट एड दाखव, परमिट दाखव, रिफ्लेक्टर दाखव. शोधायचंच म्हटलं तर कुठल्याही गाडीत काहीतरी सापडतं. अर्धा तास गेला की पॅसेंजरची ट्रेन चुकते, रेटिंग माझं खाली. त्यापेक्षा मी कॅमेऱ्यावर टोपी ठेवतो.

कट्ट्यावरचा
आणि टोपीखाली काय सरकवता, तेही लिहा!

घोटी_टोलनाका
तुम्ही लिहा, तुम्ही कधी दिले नाहीत का? हसू नका.

पायरीचा_दगड
भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे. बळजबरीने द्यावी लागली तर सात दिवसांत कळवायचं, तरच सुटका. लाचलुचपत खात्याचा १०६४ नंबर त्यासाठीच आहे. तेव्हा टोपी नसती तर रेकॉर्डिंगमध्ये हात दोघांचेही दिसले असते.

रात्रपाळी
सगळे पुरुष बोलताहेत म्हणून लिहिते. मी नाशिक रोडहून गंगापूर रोडला रात्री अकरानंतर एकटी गाडी चालवत येते. माझ्याकडे पुढचा आणि आतला असे दोन कॅमेरे आहेत, माइक चालू. एकदा नाकाबंदीत अडवलं, तेव्हा मीच आधी सांगितलं, "साहेब, कॅमेरा चालू आहे, आवाजही जातो." ते म्हणाले, "असू द्या ताई, बरंच आहे." लायसन्स बघितलं, दोन मिनिटांत सोडलं. लपवून ठेवलेला कॅमेरा आणि सांगून ठेवलेला कॅमेरा यात फरक पडतो, असं मला वाटतं.
(माइकचा तोटाही सांगते. मागच्या सीटवर सासूबाई नणंदेबद्दल बोलत होत्या, आणि नणंदेच्याच लॅपटॉपवर आम्ही कार्ड उघडलं.)

निवृत्त_खाकी
ताई, सांगून चालू ठेवायला माझी हरकत नाही. लिहून देतो. उलट पोलिसांच्या छातीवरही कॅमेरा हवा आणि दोन्ही रेकॉर्डिंग शेजारी ठेवून बघावीत. २०२७ च्या सिंहस्थात बाहेरून हजारो पोलिस बंदोबस्ताला येतील. त्यांना ना इथले रस्ते माहीत, ना माणसं. तेव्हा तर दोन्हीकडून लागेल. माझी हरकत आहे ती कापण्याला. धागाकर्ते गप्प का?

पाथर्डीफाटा
गप्प नव्हतो काका, कार्ड शोधत होतो. आता बघितलं.
लॉक केलेली फाईल सुरू होते तीच शिट्टीच्या शेपटापासून. तीन-तीन मिनिटांच्या फाईल पडतात. सिग्नल आधीच्या फाईलमध्ये होता आणि ती गेली. ३२ जीबीचं कार्ड, त्यात पाच-सहा तासच मावतात, मग जुन्यावर नवं चढतं. मधल्या रविवारी मावशीकडे ठाण्याला जाऊन आलो, कसाऱ्याचा घाट छान आलाय. कोपऱ्यातली तारीख १ जानेवारी २०२१. बॅटरी उतरली तेव्हा घड्याळ मागे गेलं असणार, मी कधी बघितलंच नाही.
आणि चित्रात हवालदार कुठेच नाहीत! ते माझ्या खिडकीशी उभे, कॅमेरा बघतोय पुढे. पूर्ण वेळ एका रिक्षाची पाठ दिसते, 'आई सप्तशृंगीची कृपा'. "ती डबी बंद करा आधी" एवढं ऐकू येतं, तेही करा म्हणून, नीट. नंतरचं 'तू' डबी बंद झाल्यावरचं.
सिग्नल पिवळा होता असं आता मी शपथेवर सांगणार नाही. चलन भरून टाकलं. पण पुढच्या वेळी गाडी बंद करणार नाही, रात्रपाळी ताईंसारखं आधीच सांगेन.

कट्ट्यावरचा
म्हणजे काकांचं बरोबर निघालं की.

निवृत्त_खाकी
माझं काही बरोबर निघालेलं नाही. फाईलच नाही तर बरोबर कोण, कसं ठरवणार? आणि त्या 'तू'ची बाजू मी घेणार नाही. कार्ड मोठं घ्या, तारीख लावा.

घोटी_टोलनाका
१२८ चं कार्ड एमजी रोडला कितीला मिळेल? मागचं उन्हात तीन महिन्यांत मेलं.

रात्रपाळी
पाकिटावर 'हाय एन्ड्युरन्स' (सतत रेकॉर्डिंगला टिकणारं) लिहिलेलं बघून घ्या. आणि दादा, टोपी काढा.