भूत न दिसणारा भूतबंगला: ‘द हॉन्टिंग’ (१९६३) पाहून आमच्यात दोन तट पडले

त्रिमूर्तीनगरचा प्रेक्षक (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमच्या संकुलातील आम्ही काही निवृत्त लोक उन्हाळ्यात शनिवारी रात्री सभागृहात पडदा लावून जुने चित्रपट दाखवतो. नागपूरच्या मे महिन्यात रात्री दहा वाजेपर्यंत घराच्या भिंती तापलेल्याच असतात, त्यामुळे लोकही आनंदाने येतात. मागच्या शनिवारी रॉबर्ट वाइझ यांचा १९६३ चा ‘द हॉन्टिंग’ लावला होता. दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसी यांनी २००९ मध्ये सर्वांत भीतिदायक अशा अकरा चित्रपटांची यादी दिली होती, तिच्यात हा पहिला होता, आणि खरे सांगायचे तर माझी निवड तेवढ्यावरच झाली.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शर्ली जॅक्सन यांच्या १९५९ च्या कादंबरीवर हा चित्रपट बेतलेला आहे. अतींद्रिय घटनांचा अभ्यास करणारा एक संशोधक हिल हाउस नावाच्या बदनाम वाड्यात राहायला जातो आणि सोबतीला दोन स्त्रिया व वाड्याचा भावी वारस असतो. त्या स्त्रियांपैकी एलिनॉर ही अंथरुणाला खिळलेल्या आईच्या सेवेत उमेदीची वर्षे घालवून, आई गेल्यावर प्रथमच घराबाहेर पडलेली आहे. रात्री दारांवर धक्के बसतात, भिंतीपलीकडून कुजबुज ऐकू येते, पण भूत म्हणावे असे काहीही शेवटपर्यंत दिसत नाही.

वाद नेमका इथेच झाला. दिवे लागताच एक शेजारी उभे राहून म्हणाले, “सगळे ठीक आहे, पण भूत कुठे होते?” आणि अर्धे सभागृह हसले. उरलेल्यांपैकी मात्र दोघांनी त्या रात्री जिन्यातला दिवा मालवू दिला नाही. एकच ११२ मिनिटांचा चित्रपट काहींना कंटाळवाणा आणि काहींना झोप उडवणारा का वाटावा, हे मला समजून घ्यायचे आहे. शिवाय, ज्यांना भूत हवे आहे त्यांच्यासाठी पुढच्या शनिवारी याच कथेवरचा १९९९ चा चित्रपट लावावा काय?

बजाजनगरचा विद्यार्थी

काका, मी कंटाळलेल्यांच्या बाजूचा आहे, पण आम्हाला धीर नाही म्हणून हा चित्रपट आवडला नाही असे समजू नये. माझी हरकत वेगळी आहे. हा चित्रपट भूत दाखवायचे नाही असे ठरवतो, याचे मला कौतुकच आहे. पण तोच चित्रपट एलिनॉरच्या मनातला प्रत्येक विचार तिच्याच आवाजात पार्श्वभूमीवर ऐकवत राहतो. ती घाबरली की आपल्याला कळते की ती घाबरली आहे, तिला घर आपलेसे वाटू लागले की तेही ती सांगते. डोळ्यांसाठी जो संयम पाळला, तो कानांसाठी का पाळला नाही? याच कादंबरीवर २०१८ मध्ये आलेल्या मालिकेत चौकटीच्या कोपऱ्यात, दाराआड, जिन्याखाली आकृत्या लपवून ठेवल्या होत्या आणि पात्रांचे तिकडे लक्षही नसे. त्या शोधण्याची भीती मला अधिक खरी वाटली.

दार आतल्या बाजूला फुगते तो प्रसंग मात्र मी विसरणार नाही. १९९९ चा चित्रपट कृपया लावू नका. त्यात संगणकाने घडवलेली इतकी भुते आहेत की तुमच्या शेजाऱ्यांनाही ती पुरे वाटतील, आणि भीती मात्र कुणालाच वाटणार नाही.

पडद्यामागचा कानसेन

मी गेली अनेक वर्षे नागपुरात नाटकांसाठी ध्वनिसंयोजन करतो, म्हणून आधी एक अगदी व्यवहारातला प्रश्न विचारतो: त्या रात्री सभागृहात कूलर चालू होते काय?

हा प्रश्न थट्टेने विचारलेला नाही. वाइझ हे दिग्दर्शक होण्यापूर्वी आरकेओ या स्टुडिओत ध्वनिसंकलनापासून सुरुवात करून संकलक झालेले गृहस्थ होते. ‘सिटिझन केन’ या गाजलेल्या चित्रपटाचे संकलन त्यांचेच. दिग्दर्शनाची पहिली संधीही त्यांना १९४४ मध्ये व्हॅल ल्यूटन या निर्मात्याकडे मिळाली, आणि तुटपुंज्या खर्चात भयपट काढणाऱ्या ल्यूटन यांचा भर दाखवण्यापेक्षा सुचवण्यावर असे. असा माणूस भूतबंगल्याचा चित्रपट करतो तेव्हा त्यातले भूत ध्वनिपट्टीवर राहायला जाणार, हे उघड आहे. दारावरचे धक्के आणि इतर आवाज आधीच ध्वनिमुद्रित करून ते चित्रीकरणाच्या वेळी प्रत्यक्ष ऐकवले जात, म्हणजे नटांनी काल्पनिक आवाजाला घाबरण्याचा अभिनय न करता ऐकू येणाऱ्या आवाजाला प्रतिसाद द्यावा. भिंतीपलीकडून एक पुरुषी पुटपुट येते आणि तिचे शब्द काही केल्या लागत नाहीत, तो प्रसंग आठवा. पडद्यावर त्या वेळी फक्त भिंतीवरची नक्षी असते, आणि ऐकता ऐकता त्या नक्षीत चेहरा दिसू लागतो. ही पुटपुट इतक्या खालच्या पट्टीत आहे की वाळ्याच्या ताट्यांच्या मोठ्या कूलरची घरघर ती सहज गिळून टाकते. मग प्रेक्षकाला उरते काय, तर एक बाई भिंतीकडे पाहत बसली आहे. तो हसणारच.

दुसरी शंका चित्राच्या चौकटीची आहे. हा चित्रपट बराच रुंद चौकटीत चित्रित झालेला आहे. पॅनाव्हिजन कंपनीकडे त्या वेळी अजून तयारीत असलेले आणि कडांकडे चित्र वाकवणारे एक अतिरुंद भिंग होते. त्यातला दोष मला मान्य आहे असे लिहून देऊन वाइझ यांनी ते मुद्दाम घेतले. खोल्यांना खरी छते बांधली, त्यामुळे खोल्या माणसांच्या डोक्यावर उतरून आल्यासारख्या वाटतात. वाड्याचे बाह्यदर्शन इंग्लंडमधल्या एटिंग्टन पार्क या वास्तूचे आहे आणि त्यासाठी काही ठिकाणी इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे किरण टिपणारी, फिल्म वापरली, म्हणून तो दगड आजारी दिसतो. प्रोजेक्टरवर कुणी ‘पडदा भरून’ ही सोय दाबली असेल, तर कडा कापल्या जाऊन यातले निम्मे काम वाया गेले असणार.

विद्यार्थिमित्रांचा निवेदनाबद्दलचा आक्षेप मला बराचसा पटतो. सुरुवातीचा मोटारीतला भाग तर त्यामुळे अकारण लांबला आहे.

त्रिमूर्तीनगरचा प्रेक्षक

दोन कूलर होते, दोन्ही पुढच्या खिडक्यांना. जे लवकर आले त्यांनी अर्थातच त्यांच्यासमोरच्या जागा धरल्या, आणि भुताची चौकशी करणारे शेजारी पहिल्या रांगेतच होते. चौकटीचे मात्र मला आजच कळले. चित्र भरून दिसावे म्हणून ती सोय मीच दाबली होती.

त्याच सभागृहातली एक बाई

भाऊ, मीही त्या रात्री पहिल्या रांगेत, कूलरच्या अगदी समोर होते. कानसेनांनी वर्णन केलेली पुटपुट मला मुळीच ऐकू आली नाही. तरीही जिन्यातला दिवा मालवू न देणाऱ्या दोघांपैकी एक मीच, त्यामुळे सगळे कूलरवर ढकलून चालणार नाही.

एलिनॉरची आई मदत हवी असली की भिंत ठोठावत असे, हे आपल्यापैकी किती जणांच्या लक्षात राहिले, मला ठाऊक नाही. ज्या रात्री आई गेली त्या रात्रीही तिने ठोठावले होते आणि एलिनॉर उठली नव्हती. आपण जागे झालो होतो आणि पुन्हा झोपलो, की मुळात ऐकलेच नाही, हे तिचे तिलाच नक्की सांगता येत नाही. हिल हाउसमधल्या पहिल्या रात्री धक्के सुरू होतात तेव्हा ती अर्धवट झोपेत आईला ‘आले’ म्हणून ओ देते. सभागृहात हसण्याची पहिली लाट तिथे आली होती.

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरात माझ्या सासूबाई सात वर्षे अंथरुणावर होत्या. त्यांच्या उशाशी आम्ही पितळी वाटी आणि चमचा ठेवला होता. त्या वाजवायच्या आणि मी उठायची, कधी लगेच, कधी दुसऱ्यांदा वाजल्यावर, आणि कधी मी झोपेतच आहे अशी स्वतःची समजूत घालून पडून राहायची. त्यांना जाऊन बारा वर्षे झाली, तो वाडा विकून आम्ही इकडे आलो, तरी स्वयंपाकघरात कुणाच्या हातून चमचा पडला की मी अजून उठून उभी राहते. अंधारात एलिनॉर मैत्रिणीचा हात धरून बसते आणि दिवा लागल्यावर मैत्रीण खोलीच्या दुसऱ्या टोकाला दिसते, त्या प्रसंगाची सगळे चर्चा करतात. मला त्याचे फारसे काही वाटले नाही. मी तोपर्यंत त्या ठोठावण्यापाशीच थांबले होते.

विद्यार्थ्याला एवढेच सांगेन की तो मनातला आवाज मला लांबलेला वाटला नाही. वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या हाकेवर जगलेली बाई बाहेर कुणाशी बोलत नाही, ती स्वतःशीच असेच सतत बोलते.

बजाजनगरचा विद्यार्थी

काकू, तो ‘आले’ माझ्याकडून निसटला होता. मी तो भाग काल रात्री हेडफोन लावून पुन्हा पाहिला. निवेदन मला अजूनही जास्तच वाटते, पण पुढच्या वेळी दाखवाल तेव्हा मी येईन.

त्रिमूर्तीनगरचा प्रेक्षक

१९९९ चा चित्रपट रद्द केला आहे. ‘द हॉन्टिंग’ डिसेंबरात, कूलर माळ्यावर गेल्यावर, पूर्ण रुंदीत पुन्हा लावू. कानसेनांनी शक्य असल्यास तासभर आधी येऊन ध्वनीची व्यवस्था पाहावी, आणि ताईंची हरकत नसेल तर त्यांच्यासाठी मागे, दाराजवळची खुर्ची राखून ठेवतो.

त्याच सभागृहातली एक बाई

हरकत नाही. पण खुर्ची पुढचीच ठेवा.